वकील म्हणतात ती २ सॅम्पल रिपोर्टमधून काढा, काढू का?

प्रश्न: ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, १८ वर्षं या लाइनीत झाली पण कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून पहिल्यांदाच उभा राहतोय. एका बिल्डिंगच्या काँक्रीटचे १२ कोअर (ड्रिलने कापून काढलेले गोल नमुने) काढून टेस्ट केले, १० कमी ताकदीचे निघाले आणि २ व्यवस्थित. ज्यांनी मला नेमलंय त्यांचे वकील म्हणतात ती २ लिहू नका, समोरच्याच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं. केस जिंकलो तर फी वाढवून देतो म्हणाले, आणि रहिवाशांच्या तब्येतीवर झालेल्या परिणामाबद्दल दोन ओळी टाका असंही. खोटं तर काहीच लिहायचं नाहीये, मग काय हरकत आहे?

उत्तर: हरकत आहे, चांगलीच आहे. पैसे कोणी का देईना, तज्ज्ञ बांधील असतो कोर्टाला. बाजू लढवणं हे वकिलाचं काम, ते तो करतोय. साधा साक्षीदार पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगतो, तुम्हाला मत द्यायची मुभा मिळते कारण न्यायाधीशाला काँक्रीटमधलं कळत नाही, म्हणजे तो तुमच्या डोळ्यांनी बघणार आणि तुम्ही त्यातला एक डोळा झाकून ठेवायचं म्हणताय.

इंग्लंडमधली सॅली क्लार्कची केस बघा. तिची दोन तान्ही बाळं दगावली, एक १९९६ ला, दुसरं १९९८ ला, आणि १९९९ मध्ये त्यांच्या खुनासाठी तिला जन्मठेप झाली. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितलं की अशा घरात एक बाळ अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये १, मग दोन्ही जाण्याची ७ कोटी ३० लाखांत १. नुसता गुणाकार केला हो! भावंडं एकाच आईबापांची, घर एकच, जी काही कारणं पहिल्याला लागू तीच दुसऱ्यालाही असू शकतात, तेव्हा असा सरळ गुणाकार चालत नाही हे कुणीही स्टॅटिस्टिक्सवाल्याने सांगितलं असतं, पण ते डॉक्टर होते, स्टॅटिस्टिक्सवाले नव्हते. तुमच्या त्या तब्येतीच्या दोन ओळींचं उत्तर यातच आलं, त्या ओळी एखाद्या डॉक्टरलाच लिहू द्या.

पण तुमच्या प्रश्नाशी खरी जुळते ती याच केसमधली दुसरी गोष्ट. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्या बाळाच्या तपासण्यांचे रिपोर्ट होते, त्यात बॅक्टेरिया सापडलेले, म्हणजे इन्फेक्शनची शक्यता होती, आणि ते बचाव पक्षापर्यंत पोचलेच नव्हते. त्यांनीही खोटं लिहिलं नव्हतं, फक्त सांगितलं नाही. ते कागद बाहेर आले तेव्हा कुठे २००३ मध्ये ती सुटली, तीन वर्षांहून जास्त जेल भोगून, आणि २००७ मध्ये गेली बिचारी.

तर १२ च्या १२ लिहा. ती २ कुठल्या मजल्यावरची, बीमची का कॉलमची, काँक्रीट वेगळ्या दिवशी ओतलेलं होतं का, हे शोधा आणि तेही लिहा. कारण सापडलं तर तुमचंच मत पक्कं होईल, नाही सापडलं तर मत थोडं सैल करावं लागेल, करा. साक्षीच्या आदल्या दिवशी मत बदललं तरी लगेच कळवायचं.

फी कामाच्या तासांवर ठरवा, लेखी, निकालाशी तिचा काहीएक संबंध नको. उलटतपासणीत "हे मला माहीत नाही" किंवा "हा माझा विषय नाही" हे पूर्ण उत्तर असतं, त्यात लाज कसली.

वकील ऐकतच नसतील तर आत्ताच बाहेर पडा, ऐन तारखेला नको. आणि एक व्यवहाराचं सांगते, लॅबच्या रजिस्टरमध्ये १ ते १२ नंबर लागलेलेच आहेत ना? मग समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार, साहेब, ७ आणि ११ कुठे गेले?