गोव्यात म्हापशात नव्याने राहायला आलास, तर…

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी आली की बाजारात आदल्या दुपारी जाऊ नकोस. पहिल्या वर्षी मी गेलो होतो. आंबाडे, कवंडाळं, सुपारीचे घोस, सगळ्यांचे भाव चढलेले आणि उरलेला माल मरगळलेला. हे सगळं लागतं माटोळीला. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही माटोळी म्हणजे रानातल्या फळाफुलांचं छतच. आपल्याकडच्या थर्माकोलच्या मखराची सवय असेल तर ती विसर. शेजारची आजी माटोळी बांधत असेल तेव्हा शिडी धरायला जा, फळांची नावं आपोआप पाठ होतील.

आरतीला घुमट वाजतं. मातीच्या मडक्यासारखं हे वाद्य, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता कायद्याने बंदी, म्हणून बकरीचं लावतात. लगेच वाजवायला मागू नकोस. वर्षभर नुसता टाळ धर.

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (चर्चचा सण). चर्चमध्ये हिंदू बायका तेल घेऊन रांगेत दिसतील, चकित होऊ नकोस. लोक या सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. रांगेत उभा राहा, फोटो नंतर.

२४ जूनला सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, शेजारचे कौलारू घरातून हाक मारतील, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल, म्हणजे मुकुट, ठेवतील. विहिरीत उडी मारायचा आग्रह होईलच. पोहता येत नसेल तर स्पष्ट सांग, कोणी वाईट मानत नाही. आणि नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, झोपेची आशा सोड. डीजे पहाटेपर्यंत चालतो, मला तो मुळीच आवडत नाही, पण सकाळचे फोव (पोहे) मात्र पाच तऱ्हेचे मिळतात.