सुट्ट्यांसाठी घरच्या घरी सोपं पेपरमिंट फज कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की नाताळच्या सुट्टीत वाटायला पेपरमिंट फज, म्हणजे साखर-दूध-चॉकलेटची मऊ वडी, करायचं आहे, पाकाचा थर्मामीटर घरात नाही, आणि याआधी साखर-दूध उकळून केलेलं फज दाताखाली रवाळ लागलं. तर हमखास जमेल अशी सोपी रीत कोणती, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेटचं फज करा, आणि वाचलेलं सगळं लक्ष पेपरमिंटकडे द्या. या रीतीत फज बसतंच. चव बिघडते ती पेपरमिंटच्या प्रमाणामुळे, आणि ते कधी घातलं त्यामुळे.

आधी रवाळपणाचं कारण सांगते, म्हणजे मी ही रीत का सुचवतेय ते कळेल. जुनं फज पाकाचं असतं. अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजच्या एमेलिन हार्ट्रिज यांच्या एका पत्रात फजचा अगदी सुरुवातीचा उल्लेख सापडतो. 1886 मध्ये बाल्टिमोरला फज 40 सेंट पौंड या भावाने विकलं जात होतं आणि 1888 मध्ये त्यांनी स्वतः कॉलेजच्या लिलावासाठी 30 पौंड फज केलं, असं त्यात आहे. त्या रीतीत साखर, दूध किंवा साय, लोणी आणि चॉकलेट एकत्र उकळून गोळीबंद पाकापर्यंत, म्हणजे 112 ते 116 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं, मग अजिबात न ढवळता साधारण 45 अंशांपर्यंत निवू द्यायचं, आणि त्यानंतर हात भरून येईपर्यंत घोटायचं. पाक गरम असताना ढवळला की साखरेचे थोडेच पण मोठे खडे तयार होतात, आणि तेच दाताला लागतात. निवाल्यावर घोटलं तर असंख्य बारीक खडे होतात, जिभेला वेगळे जाणवतच नाहीत. भांड्याच्या कडेला चिकटलेली कोरडी साखर पाकात पडली तरी तिच्याभोवती खडे वाढायला लागतात. हे सगळं सांभाळून झालेलं फज सुंदर लागतं, यात शंका नाही. पण थर्मामीटर नसताना, वाटायचा दिवस तोंडावर आलेला असताना ते करायला घेऊ नका. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर आधीच विरघळलेली असते आणि तिला पुन्हा पाकापर्यंत न्यायचं नसतं, त्यामुळे रवाळपणाचा प्रश्नच मागे पडतो.

मी दोन थरांचं फज सुचवेन: खाली डार्क चॉकलेट, वर पांढरं पेपरमिंटचं. दिसायला छान, पण खरं कारण चवीचं आहे. नुसतं पांढरं चॉकलेट आणि कंडेन्स्ड मिल्क एकत्र आले की फार गोड होतं, आणि डार्कचा कडवटपणा पुदिन्याला फार चांगला शोभतो. 400 ग्रॅमचा एक डबा कंडेन्स्ड मिल्क घ्या. त्यातलं अर्धं 250 ग्रॅम डार्क चॉकलेटला, उरलेलं अर्धं 300 ग्रॅम पांढऱ्या चॉकलेटला. पांढरं मुद्दाम जास्त घ्यायचं, कारण ते मुळात मऊ असतं. डार्कइतकंच घेतलं तर वरचा थर ढिला राहतो आणि कापताना सुरीला चिकटून येतो. शिवाय दोन चिमूट मीठ, अर्धा चमचा व्हॅनिला, पेपरमिंट इसेन्स आणि वर पेरायला लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कडक पेपरमिंट गोळ्या किंवा कँडी केन. हे प्रमाण 20 सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेला बरोबर बसतं, थर मिळून साधारण दोन सेंटिमीटर जाडी येते.

पांढरं चॉकलेट घेताना पाकिटावरची यादी वाचा. कोको बटर असलेलं खरं चॉकलेट तोंडात विरघळतं. ‘कंपाउंड’ लिहिलेल्या चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची चरबी असते. फज त्याचंही बसतं, पण टाळूला मेणचट थर राहतो, आणि पुदिन्याच्या स्वच्छ चवीत तो जास्तच जाणवतो.

ट्रेला बटर पेपर असा लावा की दोन बाजूंनी तो बाहेर लोंबेल, म्हणजे नंतर अख्खी वडी उचलून काढता येते. चॉकलेटचे बारीक, एकसारखे तुकडे करा. आता महत्त्वाचं: चॉकलेट वेगळं वितळवून मग दूध ओतू नका, दोन्ही सुरुवातीपासून एकत्रच गरम करा. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब गेले तरी ते आकसून घट्ट गोळा होतं. कंडेन्स्ड मिल्कमध्ये मुळात बऱ्यापैकी पाणी असतं, त्यामुळे ते सोबत असलं की ही भीती राहत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात सगळ्यात मंद आचेवर, किंवा उकळीच्या खालच्या पाण्यावर भांडं ठेवून, रबरी उलथन्याने तळ खरवडत ढवळत राहा. थोडे तुकडे शिल्लक असतानाच खाली उतरवा, उरलेले मिश्रणाच्या उबेत विरघळतात. कोको बटर 34 ते 38 अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणजे आपल्या अंगाइतकी ऊब त्याला पुरते. जास्त आचेची काही गरजच नसते. मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर अर्ध्या पॉवरवर तीस-तीस सेकंद, आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं.

मिश्रण जास्त तापलं तर त्यातून तेल सुटतं, वर चकचकीत तवंग दिसतो. टाकून देऊ नका. आचेवरून उतरवून एक चमचा कोमट दूध घाला आणि मधोमध जोरात घोटत बाहेरच्या बाजूला या. बहुतेक वेळा ते पुन्हा एकजीव होतं.

डार्कचा थर मीठ-व्हॅनिला घालून आधी ओता, सपाट करा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. वरचा भाग बोटाला चिकटेनासा झाला की पांढरं मिश्रण करायला घ्या. खालचा थर दगडासारखा घट्ट होईपर्यंत थांबू नका, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि कापताना सुटे होतात.

आता पेपरमिंट. ताजा पुदिना घालायचा विचार असेल तर तो सोडून द्या. घरोघरी लावला जाणारा पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंटच्या जातीचा असतो, आणि त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो. पेपरमिंट ही स्पिअरमिंट आणि वॉटरमिंट यांच्या संकरातून आलेली वनस्पती आहे, तिच्यात मेंथॉल भरपूर असतं. तोंडात थंडावा येतो तो मेंथॉलमुळे. शिवाय पानं वाटून घातली तर पाणी आणि गवतासारखी हिरवी चव दोन्ही फजमध्ये येतात.

बाटली घेताना ती इसेन्सची आहे की शुद्ध तेलाची, हे नीट बघा, कारण सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. तेल इसेन्सपेक्षा साधारण चौपट तीव्र धरतात. पांढऱ्या थराला इसेन्स अर्धा छोटा चमचा पुरतो. तेल असेल तर चमच्याने मोजूच नका, थेंबाथेंबाने घाला आणि दोन थेंबांपासून सुरुवात करा. तेल खाण्याचंच हवं. सुगंधासाठी, वाफाऱ्यासाठी विकलं जाणारं तेल स्वयंपाकात वापरू नका.

इसेन्स आच बंद केल्यावर, मिश्रण कोमट झालं की घाला. मेंथॉल उडून जाणारं आहे. गरम पातेल्यात घातलं की स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो, आणि जे हवेत गेलं ते फजमध्ये राहत नाही. त्या वासाने आपलीही फसगत होते: नाक भरून गेलेलं असतं, प्रमाण कळत नाही. म्हणून चव पातेल्यातून बघू नका. बशी फ्रीजमध्ये ठेवून द्या, तिच्यावर मिश्रणाचा एक ठिपका टाका, मिनिटभर थांबा, जरा दुसऱ्या खोलीत जाऊन या आणि मग चाखा. किंचित कमी वाटलं तर तिथेच थांबा. वर गोळ्यांचा चुरा येणार आहे, आणि तोही पेपरमिंटचाच आहे.

या थंडाव्याची गंमत सांगायलाच हवी. मेंथॉल तोंडाचं तापमान कमी करत नाही. आपल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारा टीआरपीएम8 नावाचा एक ग्राही असतो, त्याला ते चेतवतं, आणि मेंदूला गार लागल्याचा निरोप जातो. हा ग्राही 2002 मध्ये ओळखला गेला. तो शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तुमच्या फजच्या दृष्टीने यातलं कामाचं एवढंच की खरा गारवा आणि मेंथॉल एकमेकांना चढवतात. फ्रीजमधून काढून लगेच खाल्लं तर पेपरमिंट बोचतं आणि चॉकलेट मुकं राहतं. खायला देण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा, दोन्ही चवी जागेवर येतात.

गोळ्यांचा चुरा मिश्रणात मिसळू नका, हे मी आग्रहाने सांगेन. कडक गोळी म्हणजे काचेसारखी गोठलेली साखर, आणि ती ओलावा झपाट्याने ओढते. फजच्या पोटात गेली की दोन-तीन दिवसांत तिचा कुरकुरीतपणा जाऊन चिकट डाग उरतात, लाल रंग भोवती पसरतो. जाड पिशवीत घालून लाटण्याने ठेचा, मग चाळणीतून चाळून घ्या. बारीक पूड बाजूला काढा, कारण सगळ्यात आधी तीच पाणी धरते. उरलेले मसुराएवढे तुकडे पांढरा थर ओतल्यावर पाचेक मिनिटांनी, वरचा भाग अजून ओला असताना पेरा आणि तळहाताने हलकेच दाबा. लहान मुलांसाठीच्या वाटणीत चुरा नको, कडा धारदार असतात.

चार तास फ्रीजमध्ये, जमलं तर रात्रभर. कापायला लांब, पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसा आणि सरळ खाली दाबा. करवतीसारखी पुढे-मागे केली की गोळ्यांचे तुकडे निखळतात. प्रत्येक कापानंतर पुसा. दोन्ही बाजूंनी आठ-आठ भाग केले की 64 तुकडे होतात. ते छोटे वाटतील, पण या फजला तोच आकार योग्य आहे.

हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, फ्रीजमध्ये दोन आठवडे ते छान राहतं, फ्रीझरमध्ये दोनेक महिने. बाहेर काढल्यावर मात्र डबा लगेच उघडू नका. आधी डब्यासकट बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव डब्यावर धरतं, फजवर नाही, आणि वरच्या गोळ्या सुटत नाहीत. फ्रीझ करायचं असेल तर गोळ्या आधी न लावता, वाटायच्या दिवशी वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटच्या ठिपक्याने चिकटवा.

भेटीच्या डब्यात पेपरमिंट फज इतर गोड पदार्थांसोबत ठेवू नका. रात्रभरात सगळ्या डब्याला पुदिन्याचा वास लागतो, आणि शेजारच्या व्हॅनिला बिस्किटांची चव त्यात हरवते. त्याला वेगळा छोटा डबा द्या, आणि चिठ्ठीवर दूध व चॉकलेटच्या पाकिटावर लिहिलेलं सोया, सुकामेवा वगैरे जे असेल ते लिहा. कुणाला काय चालत नाही ते आपल्याला ठाऊक नसतं.