मोटेड मॅनरला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडात नॉरफकमधल्या बेकन्सथॉर्प कॅसलचे अवशेष बघितले, ते मोटेड मॅनर (भोवती खंदक असलेलं जमीनदाराचं घर) आहे म्हणे, त्याला मराठीत 'खंदकी किल्ला' चालेल का?

माझ्या मते किल्ला नको. नावात कॅसल असलं तरी ते १५व्या शतकात हेडन घराण्याने बांधलेलं तटबंदीचं घर, पुढे लोकरीच्या धंद्यावर पैसा आला, मग कर्ज झालं आणि १६५० च्या सुमारास बरंचसं पाडून दगडविटा विकल्या. असली हजारो घरं तिकडे होती, बहुतेक १२५० ते १३५० मधली, आणि खंदक लढाईपेक्षा रुबाबासाठी जास्त, शिवाय चिकणमातीतलं पाणी काढायला नि मासे पाळायलाही कामाचा. म्हणजे आपल्या देशमुखाची किंवा पाटलाची गढीच की! शिवाय मॅनर म्हणजे नुसतं घर नाही, त्याला जोडलेली जमीन, कुळं, न्यायनिवाडा सगळं आलं, त्यामुळे 'वाडा' कमी पडतो, गढीत निदान वतनाचा वास तरी आहे.

आता मोट, म्हणजे इंग्रजीतला खंदक. हे देवनागरीत तसंच लिहू नका बुवा, मराठी माणसाला बैल, विहीर नि चामड्याची मोटच दिसणार :) खरी गंमत म्हणजे हा शब्द जुन्या फ्रेंच 'मॉट'वरून आलाय आणि त्याचा अर्थ होता टेकाड! खणलेली माती टाकली की टेकाड झालं आणि शेजारी खड्डा झाला, इंग्रजांनी नाव खड्ड्याला चिकटवलं.

आपला खंदक फारसी कंदन, म्हणजे खणणे, यावरून निघाला, अरबीत गेला, तिथून फिरून आपल्याकडे आला. आणि हे कंदन नि संस्कृत खन् एकाच मुळाचे, म्हणजे खंदक आणि आपलं खणणं चुलतभाऊ. पण नुसतं 'खंदकातलं घर' म्हणलं तर पहिल्या महायुद्धातले सैनिक आठवतात, आणि खंदक कोरडाही असतो, म्हणून पाणी सांगायलाच हवं.

मी तरी पहिल्यांदा 'पाण्याच्या खंदकाची गढी' लिहीन आणि पुढे नुसतं गढी. अवशेष वगैरे जडजड कशाला, पडकी गढी म्हणा.