जागा लपवणारे, पेन्शन सांगणारे

प्रिय तरुण मित्रास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडण्याचा तुझा बेत, त्यासाठी मांडलेला हिशोबाचा तक्ता आणि शेवटी जाता जाता विचारलेला प्रश्न, की विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात, मोनोना बेच्या धक्क्यावर माझ्याबरोबर गळ टाकून बसणारी ही वयस्क मंडळी तासन्‌तास नेमके काय बोलत असतात, हे सारे लक्षपूर्वक वाचले. उत्तर या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुझ्या तक्त्याबद्दल मला जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे मी त्या धक्क्यावरच ऐकलेले आहे.

मॅडिसनच्या तळ्यांवर ब्लूगिल, क्रॅपी, पिवळा पर्च असे छोटे मासे धरणाऱ्यांचा एक अलिखित शिरस्ता आहे. मासा कुठे लागला हे कुणी कुणाला सांगत नाही. फारच खोदून विचारले, तर पाणी किती खोल होते आणि आमिष कोणते लावले होते एवढे सांगतात. जागेचा विषय निघाला की हात हवेत फिरवून 'त्या बाजूला' म्हणतात आणि कॉफीचा घोट घेतात. हीच माणसे दरमहा पेन्शन किती येते, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत खिशातून किती गेले, मुलाला घरासाठी दिलेले पैसे परत आले की बुडाले, हे शेजारच्या स्टुलावर बसलेल्याला न विचारता सांगून टाकतात. आपल्या लोकांत नेमके उलटे चालते. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ताजी मासळी कोणत्या दुकानात मिळते हे तुला दहा जण सांगतील, पण निवृत्तीसाठी किती साठवले आणि ते पुरेल असे वाटते का, हा प्रश्न तीस वर्षांच्या स्नेह्यालाही कुणी विचारत नाही.

धक्क्यावरच्या या मोकळेपणाचे कारण मला साधे वाटते. तिथे कुणाला कुणाकडून काही मिळवायचे नसते. सल्ला देणारा त्यावर टक्केवारी घेत नाही, विमा विकत नाही आणि स्वतःची चतुराई सिद्ध करण्याचे त्याचे वयही उरलेले नसते. शिवाय बोलणाऱ्याची नजर पाण्यावर तरंगणाऱ्या, मासा लागला की बुडणाऱ्या बॉबरवर असते, समोरच्याच्या चेहऱ्यावर नसते. त्यामुळे अवघड गोष्टही तोंडातून सहज निघते. मधेच बॉबर बुडाला तर वाक्य अर्ध्यावर सोडून माणूस दोरी गुंडाळू लागतो, आणि मासा बादलीत गेला की तेच वाक्य पुढे सुरू होते. याचा राग कुणालाच येत नाही.

आता त्यांच्या बोलण्यातला ऐवज सांगतो. आमच्यात एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांनी बासष्टाव्या वर्षीच सोशल सिक्युरिटी, म्हणजे पगारातून कापलेल्या करावर मिळणारी सरकारी पेन्शन, सुरू करून घेतली आणि त्यामुळे त्यांची रक्कम चौथ्या हिश्शाने कमी झाली, ती कायमचीच. त्यांच्या पिढीचे पूर्ण निवृत्तिवय ६६ होते; १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते ६७ आहे. म्हणजे तू बासष्टाव्या वर्षी हात पुढे केलास, तर ३० टक्के कमी मिळेल आणि सत्तरीपर्यंत थांबलास तर २४ टक्के जास्त. पोस्टमनना तरीही आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही. त्यांचे वडील चौसष्टाव्या वर्षी गेले, आणि माणूस हिशोब करताना आपल्या घराण्याचे आयुर्मानही मनात धरतोच. मला त्यांचा निर्णय पटत नाही, पण त्यामागचे कारण समजते.

दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना राज्याच्या विस्कॉन्सिन रिटायरमेंट सिस्टिमचे पेन्शन आहे, आणि तुझ्यासारख्याला ते सोन्याची खाण वाटेल. मात्र हे पेन्शन गुंतवणुकीच्या उत्पन्नाबरोबर वरखाली होते. २००८ च्या पडझडीनंतर, २००९ ते २०१३ अशी सलग पाच वर्षे त्यात कपात झाली. ज्या उन्हाळ्यात घराचे छप्पर बदलायचे होते, त्याच उन्हाळ्यात रक्कम घटली, हे त्या अजूनही सांगतात. कायमस्वरूपी आणि खात्रीची म्हणून जी उत्पन्ने आपण तक्त्यात मांडतो, त्यांतली किती खरोखर तशी असतात, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखे आहे.

तिसरे एक दुग्धव्यावसायिक, ज्यांनी गाई विकल्या पण पहाटे चारला उठणे काही सुटले नाही, म्हणून धक्क्यावर सगळ्यांच्या आधी तेच असतात. त्यांनी आयुष्यभर कर वाचवण्यासाठी कागदावरचे उत्पन्न कमीत कमी ठेवले. कर वाचला खरा, पण सोशल सिक्युरिटीची रक्कम त्याच कागदावरच्या उत्पन्नावर ठरत असल्याने हाती फारच थोडे येते. विकलेली जमीन हीच त्यांची पेन्शन.

आणि एक निवृत्त परिचारिका आहेत, ज्यांचे म्हणणे तुला सर्वांत उपयोगी पडेल. पतीच्या आजारपणामुळे त्यांनी एकसष्टाव्या वर्षी काम सोडले. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, पासष्टाव्या वर्षी सुरू होते. मधली चार वर्षे त्यांनी आरोग्यविम्याचे हप्ते स्वतःच्या बचतीतून भरले, आणि त्या चार वर्षांत बचतीला जेवढी गळती लागली तेवढी पुढे कधीच लागली नाही, असे त्या सांगतात. मेडिकेअर आल्यावरही दात आणि श्रवणयंत्र यांचा खर्च मूळ योजनेत बसत नाही, हे त्यांना कळले तेव्हा धक्क्यावर बराच वेळ शिव्याशाप चालले होते. त्यांना चार वर्षे जड गेली. तुझ्या बेतात ही पोकळी वीस वर्षांची आहे, आणि तुझ्या तक्त्यात तिच्यासाठी एकच ओळ आहे.

मात्र या मंडळींचा सल्ला जसाच्या तसा उचलू नकोस. त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकाच मालकाकडे वा एकाच गावात आयुष्य काढले आणि त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न कधी आलाच नाही. तुझे तसे नाही. सोशल सिक्युरिटीचा हक्क मिळण्यासाठी ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात, म्हणजे निदान दहा वर्षांचे काम हवे. विद्यार्थी-व्हिसावरच्या कामाच्या काळात तुझ्या पगारातून हा कर कापला गेला नसेल, तर ती वर्षे या मोजणीत धरली जात नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यात दोन्हीकडची वर्षे एकत्र मोजण्याचा करार आजवर झालेला नाही. त्यामुळे आठ वर्षे काम करून जो पुण्याला परततो, त्याने भरलेला कर इथेच राहतो. दुसरे असे, की ही रक्कम सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते. तू वीस वर्षे काम करून थांबलास, तर उरलेल्या पंधरा वर्षांच्या जागी शून्ये बसतील. पोस्टमनना हे सांगितले असते तर त्यांना त्यात विशेष काही वाटले नसते, कारण त्यांच्या ३५ वर्षांत एकही शून्य नाही.

तुझ्या तक्त्याचा पाया वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट रक्कम हा आहे. ही पंचवीसपट विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या अभ्यासातील चार टक्क्यांच्या नियमावरून आली, म्हणजे पहिल्या वर्षी साठ्यातले चार टक्के काढायचे आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत जायची. त्यांनी अमेरिकेतील शेअर आणि रोख्यांचा जुना इतिहास तपासून ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी हा आकडा काढला होता. पासष्टाव्या वर्षी थांबणाऱ्याला तीस वर्षे बहुधा पुरतात. तुला पंचेचाळीस ते नव्वद अशी पंचेचाळीस वर्षे काढायची आहेत, आणि त्यातली काही कदाचित रुपयांत. तेव्हा पंचवीसपट हा आकडा तू मुक्कामाचे ठिकाण म्हणून न धरता वाटेतला थांबा म्हणून धर. ४०१ (के) या नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यामधले पैसे साडेएकोणसाठ वर्षांआधी काढले तर सर्वसाधारणपणे १० टक्के दंड बसतो, हे तुला ठाऊक असेलच; तरी पंचेचाळीस ते साठ या काळात खायचे कशातून, याचा हिशोब वेगळा मांडून पाहा. मालक जेवढी भर घालतो तेवढी पुरेपूर घे. यावर धक्क्यावर आजवर दुमत झालेले ऐकले नाही.

दुमत होते ते माशांवरून. राज्याची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला सगळे पॅनफिश, म्हणजे ब्लूगिल, क्रॅपी, पर्चसारखे छोटे मासे, मिळून २५ अशी आहे, काही तळ्यांवर ती कमी आहे. पोस्टमनना पंचवीस हा आपला हक्क वाटतो. शिक्षिका दहावर थांबतात आणि मोठा ब्लूगिल आला की सोडून देतात. मी शिक्षिकांच्या बाजूचा आहे, आणि त्यामागे भूतदया नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाणी साधारण सत्तर अंश फॅरनहाइटजवळ पोचले, की नर ब्लूगिल उथळ पाण्यात ताटाएवढे खळगे करतात आणि अंडी उबेपर्यंत त्यांची राखण करतात. तेव्हा ते खळग्यावरून हलत नाहीत, म्हणून धरायला सर्वांत सोपे. असे मोठे नर सतत काढले, तर उरलेले नर लहानपणीच प्रौढ होतात, अंगाची शक्ती वाढीऐवजी प्रजननात घालवतात आणि काही वर्षांत तळे बोटभर माशांनी भरून जाते. उत्तरेकडच्या पाण्यात आठ इंचांचा ब्लूगिल व्हायला पाच-सहा वर्षे सहज लागतात. म्हणूनच विस्कॉन्सिनने २०१६ पासून सुमारे शंभर तळ्यांवर कमी मर्यादांचा प्रयोग केला आणि शेजारच्या मिनेसोटाने निवडक तळ्यांवर सनफिशची (ब्लूगिल याच गटातला) मर्यादा पाच किंवा दहावर आणली. सात इंचांच्या आसपासचे मासे खाण्यासाठी ठेवावेत आणि खळग्यावरचा मोठा नर पाण्यात परत जाऊ द्यावा, हे माझे मत. पोस्टमन यावर दरवर्षी माझ्याशी भांडतात आणि त्यांचा वॅक्सवर्मचा, म्हणजे आमिषाच्या अळ्यांचा, डबा संपला की माझ्याच डब्यात हात घालतात.

पुढच्या वेळी येताना महागडे साहित्य घेऊ नकोस. सहा फुटांचा हलका रॉड, चार पौंडांची दोरी, आठ किंवा दहा नंबरचे लहान गळ, पेन्सिलीसारखा बारीक बॉबर आणि चिमटा एवढे पुरे. ब्लूगिलचे तोंड इवलेसे असते. मोठा गळ लावलास तर तो आमिष कुरतडून जाईल आणि तुला कळणारही नाही. ब्लूगिल टिचक्या मारत बॉबर खाली नेतो. क्रॅपी मात्र आमिष वरच्या दिशेने उचलतो, त्यामुळे बॉबर बुडण्याऐवजी आडवा पडतो. नवखे लोक तेव्हा बघत बसतात. आडवा पडला की मनगट नुसते वर उचल, हिसका देऊ नकोस, कारण क्रॅपीचे ओठ कागदासारखे फाटतात. सोडायचा मासा हाताळण्याआधी हात ओला कर आणि तळवा डोक्याकडून शेपटीकडे नेत पाठीवरचे काटे दाबून धर.

खाण्याबद्दल थोडक्यात. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून रव्यात घोळवलेला ब्लूगिल तळून मी मंडळींना खिलवला, तेव्हापासून शुक्रवारच्या फिश फ्रायबद्दल त्यांचे मत थोडे खालावले आहे. यहारा नदीने जोडलेल्या या तळ्यांतल्या माशांत पीएफएएस ही सहज न विघटणारी रसायने आढळली असल्यामुळे आठवड्यात किंवा महिन्यात कोणता मासा किती खावा याची सूचना राज्याने काढली आहे. ती वाचूनच मासे घरी ने.

आता तुझ्या बेतातली मला खरोखर खटकणारी गोष्ट. पैशाचे गणित तू सुधारशील, त्याची मला काळजी नाही. पण पंचेचाळिसाव्या वर्षी मंगळवारी सकाळी दहा वाजता तू मोकळा असशील तेव्हा तुझे सारे मित्र मीटिंगमध्ये असतील. त्या वेळी तळ्यावर भेटतात ते सत्तरीचे लोक, आणि त्यांच्यात आयत्या वेळी जाऊन बसता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी निवृत्त होताच मोठी मोटरबोट घेतली. नोकरीच्या काळात कुणाबरोबर कधी काठावर बसले नव्हते, म्हणून बरोबर यायला कुणी नव्हते. तीन उन्हाळ्यांत बोट विकली. तीच बोट शिक्षिकांच्या भावाने घेतली आणि आता ती क्वचितच रिकामी असते. धक्क्यावरच्या मंडळींनी मला सामावून घेतले ते मी नोकरीत असताना, शनिवारचा एक अबोल शेजारी म्हणून. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी मला जायला ठिकाण होते.

म्हणून लवकर निवृत्त व्हायचे की नाही हे आज ठरवू नकोस, पण शनिवारी येत जा. हिवाळ्यातही ये; मेंडोटा तळ्यावरच्या बर्फाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवलेल्या आहेत आणि त्या काळाच्या मानाने बर्फाचा मुक्काम महिनाभराने तरी आटला आहे, तेव्हा चार इंच स्वच्छ, कठीण बर्फ मोजून पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, एवढे पथ्य पाळ. परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो. तुझा संपला असेल तर आधी काढून घे. तक्ता कागदावर छापून आण, कारण उन्हात फोनवरचे आकडे परिचारिका बाईंना दिसत नाहीत आणि विम्याच्या ओळीत त्यांना पेन्सिलीने बरेच काही लिहायचे असेल. वॅक्सवर्म मी आणतो.

कळावे.

तुझा,
काका