सुरुवात 'अ'पासूनच कशाला?

'अ' ते 'ज्ञ' पाठ असूनही मुलीला साधा शब्द वाचता येत नाही, ही आपली तक्रार मला ओळखीची वाटते. माझ्या थोरल्याचेही तसेच झाले होते. मुळाक्षरांचा क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे आणि तो सुंदरच आहे, पण वाचायला शिकणाऱ्या मुलाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी ग, म, भ, न ही अक्षरे आधी घ्यावीत, म्हणजे 'मन', 'नग', 'नभ', 'गमन' असे शब्द लवकर हाती येतात. खरी अडचण पुढेच असते. मूल 'म', 'न' असे सुटे, दोन्ही अक्षरे पूर्ण उच्चारून वाचते, आणि आपण बोलताना शेवटच्या 'न'मधला 'अ' गाळतो, त्यामुळे वाचलेला शब्द त्याच्या ओळखीच्या शब्दाशी जुळत नाही. अशा वेळी चूक न काढता शब्दाखालून बोट फिरवत तो सलग म्हणून दाखवावा. स्वरचिन्हांत काना प्रथम घ्यावा. पहिली वेलांटी मात्र उशिरा शिकवावी, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. 'घ' आणि 'ध' एकाच दिवशी शिकवू नयेत. जोडाक्षरांची तर मुळीच घाई नको. रफार मोठ्यांनाही चकवतो.