युरियाने मक्यात विष वाढतं का?

दादा, गेल्या वर्षी अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशी बनवते ते विष, जास्त म्हणून तुमचा मका खाद्य कारखान्याच्या दारातून परत आला. शेजारी म्हणतात युरियाने बुरशीचं विष वाढलं. तुम्ही विचारलंत, यंदा युरिया बंद करू का? अजिबात बंद करू नका. कोंबडीखाद्याच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं मका तपासला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेजाऱ्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. काचेच्या बशीत अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढवली आणि साखरेसोबत नत्र अमोनियमच्या रूपात दिलं, तर ती अफ्लाटॉक्सिन भरपूर करते. नायट्रेट दिलं तर बरंच कमी. पण तुमचा युरिया जमिनीत पडतो, तिथे त्याचं अमोनियम आणि पुढे नायट्रेट होतं, पीक ते उचलतं आणि त्याची प्रथिनं बनवतं. कणसातल्या बुरशीची युरियाशी गाठच पडत नाही. तिच्या ताटात असतो फक्त दाणा.

आणि दाण्यात तिला हवं ते सगळं आहे. अमायलेज नावाचं पाचक द्रव्य (एन्झाइम) बाहेर टाकून ती स्टार्चची साखर करते, आणि ती साखरच विष बनवायला चालना देते. प्रयोगात या बुरशीचं अमायलेजचं जनुक निकामी केलं, तेव्हा स्टार्चवर तिला अफ्लाटॉक्सिन करता आलं नाही. ग्लुकोज दिल्यावर मात्र तिने ते केलं. म्हणून फुटका, किडीने पोखरलेला दाणा सगळ्यात वाईट. साल फुटली की पिठाळ भाग उघडाच पडतो.

मक्यावरच्या दुसऱ्या बुरशीचं, फ्युजेरियमचं, गणित उलटं आहे. नत्र संपत आलं की ती फ्युमोनिसिन हे तिचं विष जास्त करते, अमोनियम असलं की कमी. दाण्याच्या माथ्यापासून पांढऱ्या रेघा किरणांसारख्या पसरलेल्या दिसल्या तर हिचा संशय घ्या. त्यामुळे ‘नत्र वाईट’ असा सरसकट नियम निघतच नाही.

शेतात मला जास्त भीती उपाशी पिकाची वाटते. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत आली, की नत्र कमी पडलंय. त्यात कणसाला केस फुटताना आणि दाणे भरताना पाण्याचा ताण बसला, की अफ्लाटॉक्सिन वाढायला वाव मिळतो. हेक्टरी १२० किलो नत्र तीन हप्त्यांत द्या: पेरताना, ३० दिवसांनी आणि ४०-४५ दिवसांनी. उशिरा वरून जादा ओतण्यात अर्थ नाही.

तरी तुमचा माल खतावरून बिघडला असं मला वाटत नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असाच मका खाऊन ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. तिथे कणसांवर अवकाळी पाऊस पडला होता आणि ओला मका तसाच साठवला गेला होता.

एक सांगायचं राहिलं. अतिनील किरणांच्या निळ्या-जांभळ्या दिव्याखाली मक्याची भरड धरली की काही तुकडे पिवळट हिरवे चमकतात. ती चमक बुरशीच्या कोजिक आम्लामुळे येते, विषामुळे नाही. चमक दिसली तर तपासणी करून घ्या, पण दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. नमुनाही एकाच पोत्यातून काढू नका. विष मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं.

आता मला एवढं कळवा: कणसं कधी मोडली, सोलण्याआधी किती दिवस ढिगात होती, आणि पोत्यात भरताना ओलावा मोजला होता का? तो १३ टक्क्यांच्या वर असेल, तर आधी तिथूनच सुरुवात करू.