बोरघाटात कंटेनरचे ट्रेलर इतके हळू का चढतात? खालूनच वेग का घेत नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की खोपोलीपर्यंत साठनं पळणारा ट्रेलर घाट लागताच पंधरा-वीसवर का येतो, आणि ड्रायव्हरनं खालूनच जोर घेतला तर काय बिघडतं. मी न्हावा शेव्याहून चाकणला कंटेनर नेतो, म्हणजे तुम्ही ज्याला शिव्या घालता त्यातलाच एक.

जोर घेऊन बघा, हरकत नाही. पण ताशी 60 च्या वेगाच्या भरवशावर गाडी चढून चढून 14 मीटर उंची चढते, मग ती रिकामी असो की भरलेली. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर आणि लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. 14 मीटर कुठल्या कुठे संपतात, पुढचं सगळं इंजिननं ओढायचं.

22 चाकी ट्रेलरला 2018 पासून मालासकट 55 टनांची परवानगी आहे. शंभर मीटरला पाच मीटर चढ धरा. एवढं वजन तिथून ताशी 20 नं न्यायलाच चाकांवर सव्वादोनशेच्या वर हॉर्सपॉवर लागते. आपल्याकडचे बरेच घोडे (पुढचं ओढणारं धूड, त्याला आम्ही घोडा म्हणतो) अडीचशे-तीनशेच्या घरातले. त्यात पंखा, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स आपापला वाटा खातात. उरलं किती, तुम्हीच सांगा. रेल्वेचं बरं आहे, कर्जतला मागून बँकर इंजिन लावतात आणि ते लोणावळ्यापर्यंत ढकलतं. त्यांचा चढ 37 ला 1, म्हणजे शंभराला तीनसुद्धा नाही.

खरी मेख गिअरमध्ये आहे. चढावर क्लच दाबला की ओढ तुटते, आणि भरलेल्या गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी 2 किलोमीटरनं पडतो. वीसवर चालताना गिअर बदलायला दोन सेकंद गेले की गाडी सोळावर. ज्या गिअरसाठी क्लच दाबला तो आता जड पडतो, म्हणून आणखी खालचा शोधायचा, तोवर बारा. म्हणून जाणता ड्रायव्हर चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवतो, आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवतो आणि मग वरपर्यंत शक्यतो हात लावत नाही. नव्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना हे बरंचसं आपोआप जमतं, पण त्या सगळ्यांकडे कुठे आहेत?

अशात एखादी कार डावीकडून घुसून पुढ्यात ब्रेक मारते. तिचा एक सेकंद जातो. ट्रेलर मात्र पूर्ण थांबला तर त्याच चढावर शून्यातून उठवावा लागतो. क्लीनर दगड घेऊन उतरतो, चाकामागे लावतो. ड्रायव्हर सर्वात खालच्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरतो, हँडब्रेक सोडतो, घोडा थरथरतो आणि केबिनमध्ये क्लच प्लेटचा जळका वास भरतो. दोनदा-तीनदा असं झालं की प्लेट गेली, गाडी तिथेच, आणि मागे रांग. घाटात ‘बंद पडलेला ट्रेलर’ दिसतो, त्यातल्या कितीतरी गाड्यांची सुरुवात अशी होते.

एप्रिल-मेच्या दुपारी पाणी तापणं वेगळं. वेग कमी, म्हणून रेडिएटरला समोरची हवा नाही, आणि जाळीत धूळ बसलेली. काटा वर सरकू लागला की नवखा मोठ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरतो. तिथे एक गिअर खाली घ्यावा. इंजिन जोरात फिरलं की पाण्याचा पंप आणि पंखाही जोरात फिरतात. थांबायची वेळ आलीच तर गाडी कडेला घेऊन इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवायचं, टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) गरम असताना चावी फिरवून इंजिन बंद करायचं नाही. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका हे तर सांगायलाच नको, तरी दरवर्षी कुणीतरी भाजतोच.

पावसात दोन ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) घोड्याचं आणखी एक. ओढणारं ॲक्सल एकच, आणि कंटेनरमध्ये माल मागच्या दाराकडे जास्त भरला असेल तर त्यावरचा भार कमी होतो. ओल्या चढावर चाकं जागच्या जागी गरगरतात. माल सीलबंद असतो, आत कसा रचलाय हे ड्रायव्हरला घाटातच कळतं.

तेव्हा ट्रेलर डाव्या लेनमध्ये असेल तर त्याच्या पुढ्यात घुसू नका, उजवीकडून निघून जा. आणि एक ट्रेलर अठरानं, दुसरा वीसनं, असे दोघे शेजारी शेजारी चढत सगळा रस्ता अडवत असतील, तर खुशाल हॉर्न वाजवा. तिथे मी आमच्या लोकांची बाजू घेणार नाही.